पोत्यावरची चिंधी

नव्या दुकानाच्या दारात पहिल्या दिवशी चपलांचे वीस-पंचवीस जोड होते आणि आत माल घेणारं एकही माणूस नव्हतं. फरशी इतकी चकचकीत, की तिच्यावर चपलेनं पाय ठेवायची लोकांना लाज वाटे. काचेचं दार आपोआप उघडायचं आणि आत पाऊल टाकलं की अंगावर गार वारा. एक पटकेवाले बाबा दारातल्या चपला बघून पायरीवरच बसून राहिले. अर्ध्या तासानं त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर कवा येत्यात?"

अंबाजोगाईला लातूर रस्त्यावर हे सेंद्रिय मालाचं दुकान निघालं, तेव्हा मला घरी बसून दोन वर्षं झाली होती. आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर जो तो आत काय पाहिलं ते सांगायचा. गुळाची ढेप लाकडी पेटीत ठेवलीय, हळदीला काचेची बरणी आहे, गोवऱ्यासुद्धा पाकिटात बांधून मांडल्यात. तेलगावकडचे एक ऊसवाले बागायतदार म्हणाले, "आमी पिकवतो तवा कुणी इचारत न्हाई. पिशवीत घातलं की झालं सेंद्रिय!" एवढं बोलून त्यांनी पुण्यातल्या नातवासाठी नाचणीचे दोन पुडे नेलेच. माझी बायको बघून आली आणि एका वाक्यात निकाल दिला, "लई देखणं हाय, पर दुकानाला वासच न्हाई."

बाईनं नेमकं दुखणं ओळखलं होतं. मी छत्तीस वर्षं मोंढ्यात काढली. मोंढा म्हणजे आमच्या मराठवाड्यातली धान्याची पेठ. तिथं आंधळ्या माणसालाही नुसत्या वासावर कळतं, की आता तुरीच्या थप्पीपाशी आलो, आता मिरचीच्या. माझी नोकरी एका जुन्या भुसार दुकानात होती. माझ्या हुद्द्याला नाव असं काही नव्हतं. शेठजी म्हणायचे, "वैजनाथ, चाख." मी चाखायचो आणि मग भाव ठरायचा.

चाखणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. ज्वारीचं पोतं आलं, की त्यात पन्हळीसारखी टोकदार सळई खुपसायची. पोटातला दाणा तिच्यातून हातावर येतो. वरच्या दाण्यावर भरवसा ठेवायचा नाही. वरचा दाणा नवरदेवासारखा, नटूनथटून बसलेला. मग तळहातावर फुंकर मारायची. हाताला पांढरी भुकटी राहिली तर आत सोंडकिडा लागलेला असतो, नाहीतर कसली तरी पावडर मारलेली असते. मग वास. शेवटी दोन दाणे दाढेखाली धरायचे. वाळलेला दाणा 'कट्' असा बोलतो, ओल धरलेला मुकाट चेपतो. आणि चावत राहायचं, कारण चांगल्या ज्वारीची गोडी सगळ्यात शेवटी जिभेवर येते. घाईच्या माणसाला ती कधीच कळत नाही.

या जिभेचा मला भारी गर्व होता, आजही आहे. एकदा मोंढ्यातल्या हमालांनी पैज लावून माझे डोळे बांधले आणि पाच ठिकाणची ज्वारी चाखायला दिली. काळ्या रानातली कोणती, मुरमाड माळावरची कोणती, चार मी बिनचूक सांगितल्या. पाचवी चावून म्हणालो, "ही कोण्या आळशी माणसाची हाय. खुरपणी केलेली न्हाई." सगळा मोंढा हसायला लागला. डोळ्यांवरचं उपरणं सोडलं तेव्हा कळलं, की ती माझ्याच शेतातून आणली होती. मी आजही म्हणतो, की पाचवीही बरोबरच ओळखली होती.

आता या नव्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि चोर म्हणून पकडला गेलो. ज्वारीच्या बंद पाकिटाला अंगठ्याच्या नखानं भोक पाडून मी दोन दाणे तोंडात टाकलेच होते, एवढ्यात मागून आवाज आला, "मामा, पाकीट फोडलंत तुम्ही."

ती दुकानाची मालकीण, प्रज्ञा. तिशीतली पोरगी, शेतकी कॉलेजात शिकलेली, पुण्याची नोकरी सोडून आलेली. गल्ल्यावर लक्ष्मीच्या जागी पांढऱ्या दगडाची छोटी बुद्धमूर्ती होती, तिच्यापुढं ताजी शेवंती. मी दाणा चावून होईपर्यंत बोललो नाही. मग म्हणालो, "पोरी, माल काळ्या रानातला हाय, एक नंबर हाय. पर कापणी कावून घाई केली? चार दिस उभी ऱ्हायली असती, तर आणखी गोड झाली असती."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आभाळ आलं होतं, मामा. गारांची भीती होती. चार दिवस आधीच कापली." तिनं मला तिथंच चाखायला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. बायको म्हणाली, "दोन वर्सं घरात माझ्या भाकरीला नावं ठिवली, आता तितं जाऊन ठिवा."

प्रज्ञाचं दुखणं तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. घाटनांदूरच्या आसपासच्या अकरा जणींनी तिच्या शब्दावर रासायनिक खतं-औषधं सोडली होती. पहिली दोन वर्षं उतारा कमी आला तरी त्या टिकून राहिल्या. त्यांची बहुतेक ज्वारी आता या दुकानाच्या मागच्या खोलीत थप्पी लावून होती. आमच्याकडं लोक उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी एकदम भरतात. तो महिना-दीड महिना हातचा गेला, की मग पावसाळ्यात कोणी विचारत नाही. "हा हंगाम गेला तर मी कुलूप लावीन, मामा," ती म्हणाली, "पण त्या बायकांना तोंड कसं दाखवू?"

आणि गिऱ्हाईक तर नुसतं बघून जात होतं. एक निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी गार हवेला यायचे. ते म्हणाले, "ज्या धान्याला औषध नाही, त्याला किडा लागतोच. तुमच्या ज्वारीत किडा दाखवा, मी घेतो." पुढच्या आठवड्यात मुगाच्या एका पाकिटात खरंच एक किडा निघाला. मी तो मोठ्या हौसेनं गुरुजींना दाखवायला नेला. गुरुजी दोन पावलं मागं सरले. "अहो, याच्यात किडा आहे की!" म्हणाले आणि गेले.

मी प्रज्ञाला म्हणालो, "पाकिटावर लिहिलेलं कुणी खात न्हाई. हितं लोकाला वानगी लागती."

वानगी म्हणजे नमुना. आमच्याकडं वर्षाची ज्वारी कोणी दुकानात उभ्या उभ्या घेत नाही. दुकानदारानं ओंजळभर दाणा पुडीत बांधून द्यायचा. बाईनं तो घरी न्यायचा, दळायचा, एक भाकरी थापायची. थापताना कडा फुटल्या का, तव्यावर पापुद्रा आला का, गार झाल्यावर भाकरी मऊ राहिली का, हे बघायचं. मग दुसऱ्या दिवशी येऊन नुसतं 'भरा' म्हणायचं, नाहीतर काही न बोलता पुढच्या दुकानात जायचं. यात ना पावती, ना सही. पण ज्या पोत्यातली वानगी, त्याच पोत्यातला माल, हा दुकानदाराचा धर्म.

हा धर्म मी एकदा बुडवला आहे. ते इथं लिहिलं नाही, तर वरची सगळी फुशारकी खोटी ठरेल.

गोदाक्का घाटनांदूरची. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, आणि गावात ज्वारीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिनं भरली की तिची सगळी गल्ली त्याच दुकानातून भरायची. एका वर्षी आमच्या गोदामाचा पत्रा गळला आणि काही पोती भिजली. वाळवली, पण ओल लागलेला दाणा परत पहिल्यासारखा होत नाही. शेठजी म्हणाले, "वैजनाथ, वानगी पुढच्या थप्पीची दे, माल मागच्या थप्पीतला घाल." मी एकदा 'पण' म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. गोदाक्कानं वानगीची भाकरी केली, खूश झाली, येऊन 'भरा' म्हणाली. मी भरली, मागच्या थप्पीतली.

पंधरा दिवसांनी ती आली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तिनं काखेतलं फडकं सोडून तराजूच्या पारड्यात एक भाकरी ठेवली. कडा चिरलेल्या, मधून दोन तुकडे झालेली, कुबट वास येणारी. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वैजनाथ, तू चाखून दिलीस न्हवं रे?" आणि गेली. शेठजी म्हणाले, एक गेलं तर दहा येतील. आलेही असतील. पण माझ्या जिभेवर विश्वास टाकणारं ते माणूस गेलं, आणि ते माझ्यामुळं गेलं. शेठजींच्या नावावर मी ते कधीच ढकलू शकलो नाही, कारण चाखलं मी होतं.

म्हणून प्रज्ञाला वानगी सुचवली, तेव्हा मी एक अट घातली. पोतं गिऱ्हाइकानं निवडायचं. थप्पीतल्या कुठल्याही पोत्यावर त्यानं बोट ठेवायचं, मी सळई घालायची, वानगी द्यायची, आणि त्याच वेळी गिऱ्हाइकानं घरून आणलेली चिंधी त्या पोत्याच्या तोंडाला बांधायची. पसंत पडलं तर तेच पोतं, त्याच चिंधीसकट, घरी. नाही पडलं तर चिंधी सोडून न्यायची. मधे माझ्यासारख्याला हात घालायला जागाच ठेवायची नाही.

"चिंध्या?" प्रज्ञा म्हणाली. "मामा, या दुकानाच्या सजावटीला माणूस पुण्याहून आणलाय मी."

"मग त्यालाच ज्वारी इकून दाव म्हणावं."

पोरगी शहाणी. तिनं मागच्या खोलीचं दार सताड उघडं केलं, पुढं एक घरघंटी बसवली, म्हणजे जिला घाई असेल तिनं वानगी तिथंच दळून न्यावी. पहिली चिंधी माझ्या बायकोनं बांधली, माझ्याच जुन्या सदऱ्याची. मग हळूहळू लोक आत शिरायला लागले. बायका थप्पीपुढं उभ्या राहून नवरा निवडावा तसं पोतं निवडायच्या. कोणी लुगड्याचा काठ आणला, कोणी पोराची टाय आणली, एका डॉक्टरीणबाईंनी चक्क बँडेजची पट्टी बांधली. गुरुजींनी शिकवण्याच्या दिवसांतली लाल फीत बांधली आणि रोज येऊन ती जागेवर आहे का बघायला लागले. त्या गुळगुळीत दुकानाच्या पोटात रंगीबेरंगी चिंध्या लोंबू लागल्या. आणि मुख्य म्हणजे सळईनं उघडलेल्या ज्वारीचा वास पार दारापर्यंत येऊ लागला. लोक आता चपला घालूनच आत येत होते.

तरी अर्ध्याच्या वर थप्पी शिल्लक होती. घाटनांदूरकडची गिऱ्हाइकं येत नव्हती. ज्यांच्या शिवारातली ज्वारी, त्याच गावची माणसं विकत घेईनात. प्रज्ञानं चौकशी केली, तेव्हा उत्तर आलं, "गोदाक्का म्हणती, वैजनाथ जितं चाखतो तितं जाऊ नका." प्रज्ञानं मला विचारलं, काय भानगड आहे. मी सगळं सांगितलं. म्हणालो, "मला काढून टाक. मी हाय म्हणून तुझी ज्वारी पडून हाय."

प्रज्ञानं मान हलवली. मग म्हणाली, "काढणार नाही. पण मामा, त्यांना आणायचं मात्र तुम्हीच."

मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तीच आली; चिंधीची रीत तिच्याही कानावर गेली होती. वैशाखातली दुपार होती. सुनेच्या आधारानं, हातात काठी, पाठ वाकलेली, पण आवाज तोच. मला दारात बघितलं आणि सुनेला म्हणाली, "हा अजून हायच व्हय? चल गं माघारी."

"आक्का," मी म्हणालो, "माझ्याकडं बघू नका. पोत्याकडं बघा. बोट तुमचं."

दुकानात दहा-बारा बायका होत्या, सगळ्या थांबल्या. गोदाक्का काठी टेकत आतल्या खोलीत गेली. तिनं थप्पी खालून वर बघितली आणि काठीचं टोक नेमकं सगळ्यात मागच्या, भिंतीकडच्या, तळाच्या पोत्याला लावलं. "ह्ये."

मी पुढची सात पोती ओढून बाजूला केली. वय सदुसष्ट, कंबर ओरडत होती, पण कोणाला हात लावू दिला नाही. सळई घातली. दाणा हातावर घेतला. दिसायला देखणा, हाताला भुकटी नाही. सवयीनं दोन दाणे दाढेखाली धरले.

दाणा बोलला नाही.

दुसरे दोन घेतले. तेही मुकाट चेपले. मी पोत्यामागं हात घातला. भिंत गार आणि ओलसर होती. पलीकडच्या बाजूनं त्या गार हवेच्या यंत्राच्या पाण्याची नळी जात होती. पोत्याखाली फळी घालायची आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडायचं, हा मोंढ्यातला पहिला धडा. मी प्रज्ञाला तो दहादा ऐकवला होता. आणि शेवटची गाडी आली तेव्हा जागा पुरेना म्हणून थप्पी मागं सरकवली आणि हे पोतं मीच, या हातांनी, भिंतीला टेकवलं होतं.

गोदाक्काच्या तोंडात तीन दात. तिला तो 'कट्' कळला असता का, मला माहीत नाही. अजून वासही धरला नव्हता. त्या एका पोत्याची भाकरी कदाचित बरीही झाली असती. प्रज्ञा दारात उभी होती. खोटं कशाला सांगू, एका क्षणात हे सगळं मनात येऊन गेलं. छत्तीस वर्षं शेठजींचा माल खपवायची सवय होती.

"आक्का, हे नगा घेऊ," मी म्हणालो. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ह्याला वल लागलीय. चूक माझी हाय. मीच भितीला लावलं."

प्रज्ञाचा चेहरा उतरला. एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ, म्हणत न्हवते मी?" माझ्या तळहातावरचे दाणे गोदाक्कानं उचलले, तोंडात टाकले आणि हिरड्यांनी चघळत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग काठी शेजारच्या पोत्याला लावली. "आन् ह्ये?"

सळई घातली, चाखलं. 'कट्.' पुन्हा चाखलं. चावत राहिलो, गोडी येईपर्यंत. "हे चोख हाय."

मी पुडीसाठी कागद घेतला, वानगी बांधायला लागलो. तिनं काठीनं माझा हात थांबवला.

"वानगी नगं."

"आक्का, भाकर करून तर बघा."

"तू चाखलीस न्हवं?" तिनं कमरेची पिशवी सोडून हिरव्या लुगड्याची चिंधी काढली आणि माझ्या हातात दिली. "बांध मग."

चिंधी गिऱ्हाइकानं स्वतः बांधायची, हा नियम माझाच होता. तरी मी पोत्याच्या तोंडाशी वाकलो. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. प्रज्ञा केव्हा जवळ आली कळलं नाही; तिनं ते ओलं पोतं स्वतः ओढून बाजूला काढलं.

जाताना गोदाक्का दारात थांबली. "ती भाकर म्या इसरले न्हाई, वैजनाथ."

"मीबी न्हाई, आक्का."

"इसरू नगं," ती म्हणाली आणि सुनेचा हात धरून पायरी उतरली.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी सगळी थप्पी भिंतीपासून हातभर पुढं ओढली. एकूण एक पोतं पुन्हा चाखलं. आणखी दोन नरम निघाली. प्रज्ञानं ती तिन्ही पोती कोंबड्यांच्या खाद्यासाठी काढून टाकली. माझी दाढ चार दिवस दुखत होती.

पुढच्या आठवड्यात गोदाक्काची सून एकटीच आली. तिच्या हातात कापडाची एक गाठोडी होती. मला वाटलं, भाकरी आहे. तिनं गाठोडी काउंटरवर सोडली, तर आत चिंध्या. निळी, पिवळी, फुलांची, एक धोतराच्या काठाची. मोजल्या तर अठरा निघाल्या.

"गल्लीतल्या हायत्या," सून म्हणाली. "कुणी येणार न्हाई, वानगीबी नगं म्हणल्यात. गाडीत घालून पोती तेवढी धाडा." मग तिला सासूचा निरोप आठवला. "आन् आत्याबाईंनी सांगितलंय, वैजनाथला म्हणावं, चाखून बांध."